तुझ्या नावावर माझं बोट

चिमट्यावर अठ्ठ्याहत्तर दिसत होतं आणि मी खिडकीतून ओरडून सांगितलं, "शहाण्णव."

गुलाब, तू माझ्या मागं भिंतीला टेकून बसली होतीस. अंगातला ऑक्सिजन मोजायचं, बोटाला लावायचं ते यंत्र. पहिल्याच दिवशी तू त्याला कपडे वाळत घालायचा चिमटा म्हणालीस आणि आपल्यात तेच नाव राहिलं. तुझ्या बोटाचा चिमटा मी काढला, माझ्या बोटाला लावला, शहाण्णव येईपर्यंत थांबले आणि तो आकडा वाचला. बाहेर उन्हात माझी सून वैशाली उभी होती. आपल्या गावची आशा ताई तीच. तिनं वहीत तुझ्या नावापुढं शहाण्णव लिहिलं आणि म्हणाली, "काकी छान आहेत की. आई, आता तुमचा सांगा." मी माझा म्हणून पंच्याण्णव सांगितला. दोघींचा एकच आकडा आला तर तिला संशय येईल, म्हणून एक कमी. एवढी अक्कल मला त्या वेळी होती.

तुझे ओठ जांभळं खाल्ल्यासारखे झाले होते. जांभळं पिकायला अजून महिना होता. "बरं केलंस," तू म्हणालीस, आणि एवढे दोन शब्द बोलायला तुला मधे थांबावं लागलं.

तुला जाऊन आता महिना होईल. लोक मला सांगतात, तिची वेळ आली होती. वेळबिळ काही नाही. तुझा ताप मी चार दिवस लपवला. हे लिहून काढते आहे, कारण तोंडानं सांगताना माणूस गोष्ट आपल्या बाजूला वळवून घेतो. मी तर घेतेच, तुला माहीत आहे.

मी तुझ्या घरात आले कशी, ते वैशालीला अजून कळलेलं नाही. म्हणजे कशी आले ते कळलं, का आले ते नाही. तुझा दिनेश मोहोपाड्याला कारखान्यात. तिथं सगळ्यांची तपासणी झाली, त्याची खराब निघाली, आणि कामावरून घरी न सोडता त्याला तिकडंच वेगळं ठेवलं. तुझी सून बाळंतपणाला माहेरी गेलेली, ती तिथंच अडकली. घरात राहिलीस तू एकटी. वैशालीनं तुझ्या दारावर कागद चिकटवला, अंगणाला आडवा बांबू बांधला आणि मला येऊन सांगितलं की काकी चौदा दिवस घरात राहतील.

मी विचारलं, सोबतीला कोण?

ती म्हणाली, कोणी नाही, तेच तर करायचं आहे.

तिला सोबत हा शब्द कळत नाही असं नाही. पण तिच्या पिढीला एकटं राहता येतं. मोबाईल असला की त्यांना माणूस जवळ आहे असं वाटतं. आपल्याकडे घरावर काही आलं आणि बाई मागं एकटी राहिली, की दुसरी बाई आपली वाकळ घेऊन तिच्याकडं जाते. कोणी बोलवावं लागत नाही. माझा नवरा गेला तेव्हा तू नऊ महिने माझ्याकडं सोबतीला झोपलीस. तुझ्या घरी तेव्हा म्हैस व्यायलेली, सासू अंथरुणाला खिळलेली, तरी तू जेवणं उरकून यायचीस. एकदाही म्हणाली नाहीस की आज जमत नाही. त्याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. आपण जावा. जावा असलं बोलत नाहीत.

तर मी वाकळ घेतली आणि मागच्या परसातून तुझ्याकडं आले. धुण्याच्या दगडापाशी तू उभीच होतीस. "आलीस?" म्हणालीस. मला वाटलं रडशील. तू म्हणालीस, "आलीस तर तुझा तांदूळ घेऊन यायचा व्हता. माझा जाडा हाय, तुला पचायचा नाय."

अर्ध्या तासात वैशालीला कळलं. ती परसाच्या कडेला येऊन उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "आई, बाहेर या." मी म्हटलं, आले ती आले. तिनं माझ्याकडं बघितलं. मास्कवर फक्त डोळे. मग म्हणाली, "मग आता आतच. चौदा दिवस. काकींना एक नियम आणि सासूला एक, असं मला करता येणार नाही." तिनं परसातही बांबू बांधला. पुढच्या दाराला बाहेरून कडी घातली. ती कडी पडल्याचा आवाज आपण दोघींनी ऐकला आणि एकमेकींकडं बघितलं नाही.

त्या दीड खोलीत आपण आठ दिवस काढले. वर पत्रा, वैशाखाचं ऊन, एक खिडकी गल्लीकडं, एक दार परसाकडं. पंखा गरम हवा फिरवायचा. तू दारापासून चुलीपर्यंत जायचीस आणि परत यायचीस. एकच तांदूळ तू तीनदा निवडलास. मी म्हटलं, खडा निघाला का? म्हणालीस, निघंल. मिठावरून आपलं भांडण झालं, टीव्हीवरून झालं, माझ्या घोरण्यावरून झालं. चाळीस-पन्नास वर्षं एका भिंतीच्या दोन बाजूंना राहिलो, पण लग्नानंतरची सुरुवातीची वर्षं सोडली तर एका छताखाली एवढा वेळ कधी नव्हतो. मधे एक भिंत असली की माणसं गोड राहतात.

रोज सकाळी वैशाली खिडकीशी यायची. चिमटा पुसून टोपलीतून आत द्यायची. तिला आत यायची बंदी होती. तुला वाचता येत नाही, मी चौथी पास, म्हणून आकडे वाचायचं काम माझ्याकडं. "वरचा आकडा सांगा आई, खालचा नको," तिनं एकदा शिकवलं, मी बरोबर सांगायला लागले. तिला त्याचं फार कौतुक. ती तिच्याबरोबरच्या आशा बायकांना सांगायची म्हणे, माझी सासू स्वतः आकडे वाचते. तू माझी थट्टा करायचीस. "चार यत्ता शिकली नी डॉक्टरीण झाली. टोच गं, सुई पण टोच."

चौथ्या दिवशी तू मशेरी भाजायला बसलीस. वैशालीचं सक्त सांगणं होतं, मशेरी नको, तोंडात बोट नको, एका डबीत दोघींनी बोट घालायचं तर नावच नको. आपण हो म्हटलं होतं. पण मशेरी नाही म्हणजे दिवस सुरूच होत नाही, आणि डबी पुढं केल्यावर नको म्हणणं म्हणजे तुझ्याशी मला बोलायचं नाही असं सांगणं. मी पाटावर बसून लसूण सोलत होते. तवा तापला, तंबाखू काळी पडली, मग धूर निघाला. डोळे चुरचुरायला लागले. गल्लीतून कोणीतरी ओरडलं, काय जाळता गं? आणि तू तव्याच्या शेजारी बसून शांतपणे उलथनं फिरवत होतीस.

मी म्हटलं, "गुलाब, राख झाली."

तू तव्यात वाकून बघितलंस. "वास नाय आला," म्हणालीस.

तेव्हाच मला कळलं. तुलाही कळलं. टीव्हीवर रोज सांगत होते, वास जातो म्हणून. तू तवा उतरवलास, राख परसात टाकलीस, हात धुतलेस आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझं अंग तापलं होतं. वैशाली यायच्या आधी तू माठातलं पाणी डोक्यावर ओतून घेतलंस, कपाळ थंड करून खिडकीशी बसलीस. तिच्या हातातल्या त्या ताप मोजायच्या पिस्तुलाला ताप काही सापडला नाही. चिमट्यावर तुझा एक्याण्णव आला. मी तुझ्याकडं बघितलं. तू मान हलवलीस, म्हणजे नाही. मी आकडा सांगायला वेळ लावला तर वैशालीनं विचारलं, "दिसत नाही का आई? उजेडात धरा." आणि मी उजेडात माझं बोट धरलं.

ती गेल्यावर मी तुझ्याशी भांडले. खूप भांडले. मी म्हटलं, हे लपवायचं दुखणं नाही, वैशालीला सांगू, ती औषध आणील, फार तर नेतील तिकडं चार दिवस. तू म्हणालीस, तिकडं नेलेलं माणूस प्लास्टिकात बांधून येतं. लोधिवलीच्या त्या म्हातारीचं तोंडसुद्धा लेकीला बघायला मिळालं नाही, ना अंघोळ, ना नवं लुगडं, ना कोणी तोंडात पाणी घातलं. मेले तर इथं मरंन, आपल्या जमिनीवर, तू हायस ना पानी घालायला. वर म्हणालीस, दिनेश येईल तेव्हा घराला कुलूप दिसलं तर पोरगा घाबरून जाईल. आणि ताप काय, आयुष्यभर अंगावर काढला, आताच काय झालं? बाईमाणसानं दिवसा आडवं पडायचं नाही, एवढं एकच आपल्या सासूनं आपल्याला नीट शिकवलं. मी म्हटलं, सासूचं घेऊन बसू नको, तिच्या शिकवण्यानं काय झालं ते—

आणि तिथंच मी थांबायला हवं होतं. नाही, मी थांबलेच, पण उशिरा.

तू हळू आवाजात बोललीस. ओरडली असतीस तर मी ओरडले असते. तू म्हणालीस, "मंगलच्या वक्ताला नर्सबाय दारात आली व्हती. तवा तू सासूसाठी गप ऱ्हायलीस आक्का. आता माज्यासाठी ऱ्हा."

गुलाब, सत्तेचाळीस वर्षांत तू हे एकदाही काढलं नव्हतंस. मला वाटायचं, तुला माहीत नाही. तू आत होतीस, पोरीला मांडीवर घेऊन. मंगल अडीच वर्षांची, गोवरानं भरलेली. दाराला लिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, परक्याची सावली नको. देवी आली आहे, ती आपल्या पायानं जाईल, सुई टोचली तर कोपेल, असं सासूचं म्हणणं. गोवर गेला, पण पोरीच्या छातीत कफ राहिला, आणि ती श्वासाला शिट्टी वाजवायची. चौकच्या दवाखान्यातून नर्सबाई आली, घरोघर विचारत. सासूनं सांगितलं, आमच्यात कोणी आजारी नाही. बाईला पटलं नाही. तिनं माझ्याकडं बघून विचारलं, "तू शाळेत गेलीयेस ना गं? तू सांग." मी उंबऱ्यात उभी होते. मागं सासू. मी म्हटलं, "नाय. कोनी नाय."

चौथ्या दिवशी मंगल गेली. त्यानंतर बारा वर्षं तुझी कूस उजवली नाही, मग दिनेश झाला. त्या बारा वर्षांत सासू तुला काय काय बोलली आणि मी शेजारी बसून भाजी चिरत होते, तेही तुला लक्षात असणार. त्याची माफी मी मागितली नाही. आपल्याकडं बायका एकमेकींकडं माफी मागत नाहीत, एखादीच्या घरी जास्तीची भाजी देतात. मी तुला बरीच वर्षं भाजी दिली. तू ती घेतलीस आणि वाटी रिकामी कधी परत केली नाहीस. म्हणून मला वाटलं, मिटलं.

तर तू असं म्हणालीस आणि मी अडकले. दाराची कडी वैशालीनं घातली होती, ती काही एवढी मोठी नव्हती. परसाच्या बांबूखालून मी वाकून केव्हाही जाऊ शकत होते. पण तुझ्या त्या वाक्यातून मला बाहेर यायला वाट दिसेना. नाही म्हणावं तर कोणत्या तोंडानं? एकदा सासूचं ऐकून मी तुझं लेकरू घालवलं. आता तू स्वतः मागते आहेस, आणि मागते आहेस ते काय, तर गप्प राहा. मला तेवढंच चांगलं जमतं.

मी म्हटलं, "ऱ्हाते."

तू म्हणालीस, "मग जा, लसूण घाल पिठल्याला. मला वास नाय येत, चव तरी यावी." आणि हसलीस. ते बघून मला बरं वाटलं, ते मी खरं सांगते.

पुढच्या सकाळी अठ्ठ्याऐंशी. त्याच्या पुढच्या सकाळी चौऱ्याऐंशी. तुझ्या नावावर माझं बोट जात राहिलं. मलाही दोन दिवस कणकण आली, अंग मोडून आलं आणि गेलं. बोट चांगलंच राहिलं माझं, काय करणार.

तू विचारशील, तुला भीती वाटली नाही का? नव्हती वाटत. हीच माझी चूक, आणि ती मला कोणी शिकवलेली नव्हती, माझी स्वतःची होती. तू भाकरी थापत होतीस. चौऱ्याऐंशीलाही तू पहाटे उठून केर काढलास, तांदळाच्या भाकरी केल्यास, माझ्या पाठीला तेल लावलंस. दिनेशचा फोन यायचा तेव्हा पदर नीट करून, फोन लांब धरून सांगायचीस, "मी बरी हाय रं, तू जेवलास का?" बोलणं लहान लहान झालं होतं, पण फोनवर तू कधी लांब बोलायचीस? मी म्हणायचे, मशीन काय सांगतं, हिचे हात बघा. हात चालतात म्हणजे माणूस बरं. आयुष्यभर आपण एकमेकींची तब्येत अशीच ओळखली. वैशालीनं एकदा समजावलं होतं की या रोगात माणूस बोलत असतं, चालत असतं, आणि आतून संपत असतं. मी ते ऐकलं आणि मनात म्हटलं, पुस्तकातलं बोलते.

आणि मग तो अठ्ठ्याहत्तरचा दिवस. वैशाली शहाण्णव लिहून गेली. तू चुलीशी गेलीस. पिठाचा गोळा घेतलास, परातीत ठेवलास, हाताला पाणी लावलंस. मी कांदा कापत होते. थापायचा आवाज येईना म्हणून बघितलं तर तू गोळ्यावर दोन्ही हात ठेवून बसली होतीस. मी म्हटलं, गुलाब, थाप की. तू माझ्याकडं बघितलंस. थापायचं कसं ते तू विसरली होतीस. तवा तापून लाल झाला आणि तू त्या गोळ्याकडं अशी बघत होतीस जशी ती परक्याची वस्तू.

तेव्हा मला भीती वाटली. अठ्ठ्याहत्तरची नाही, भाकरीची.

मी चूल विझवली, तुला भिंतीला टेकवलं, आणि बांबूखालून वाकून बाहेर पडले. चप्पल माझ्याच घरी राहिली होती. अनवाणीच गेले. मला बघून लोकांनी दारं लावली. ज्यांच्या बाळंतपणांना मी बसले त्यांनीसुद्धा. मला राग नाही आला, त्यांनी बरोबर केलं. वैशाली शाळेच्या व्हरांड्यात टेबलाशी बसून वही भरत होती. मी लांबच थांबले आणि म्हटलं, "ते आकडं माजं हायेत. चार दिस झालं. गुलाबचा एकपन सांगितला नाय मी."

तिनं पेन खाली ठेवलं आणि पळाली. मी मागून पोचले तेव्हा ती तुझ्या घरात होती, फक्त तोंडावरच्या त्या कापडी मास्कवर, तुझ्या मागं बसून तुला आपल्या छातीला टेकवून. चिमटा एकाहत्तर दाखवत होता. दवाखान्याची गाडी यायला दुपार उलटली. गाड्या थोड्या आणि माणसं फार, कोणाला बोल लावायचा. तेवढा वेळ तिनं तुला सोडलं नाही. मी म्हटलं, अगं, तुला लागंल. म्हणाली, "आता ते राहू दे आई."

तुझ्या तोंडाला तिनं मास्क बांधला. गाडीत चढवताना तू माझ्याकडं बोट केलंस, म्हणून ती मला म्हणाली, जवळ या, लवकर. तू बोललीस ते मला वाकून ऐकावं लागलं.

"तवा गप ऱ्हायलीस नी आता बोललीस. दोनी बारी चुकलीस आक्का."

तू हसत होतीस का चिडली होतीस, मास्कमुळं कळलं नाही. नंतर मी खूप विचार केला. तुझे डोळे आठवून बघितले. तुझी थट्टा आणि तुझा राग, दोन्हीला डोळे बारीकच व्हायचे. हे आपलं भांडण असंच राहिलं. मी तुला सांगणार होते, मला तरी काय जमण्यासारखं होतं दुसरं? तू काहीतरी झोंबणारं बोलली असतीस आणि मग आपण जेवलो असतो.

तिसऱ्या दिवशी तिकडून फोन आला. तुझं सगळं तसंच झालं जसं तुला नको होतं. प्लास्टिक, परकी माणसं, तोंडात पाणी घालायला कोणी नाही. माझ्या बोलण्यानं तेवढं झालं आणि माझ्या गप्प राहण्यानं तू गेलीस. चार दिवस आधी बोलले असते तर तू वाचली असतीस का? वैशालीला मी विचारलं. तिनं खोटं सांगितलं नाही. म्हणाली, "सांगता येत नाही. पण एक्याण्णवला नेलेली बरीच माणसं परत आली."

तिला लागलंच. ती माझ्या घरी मधल्या खोलीत पडून राहिली आणि मी तुझ्या घरात, कारण माझे दिवस संपले नव्हते. आता तुझ्या घरात मी एकटी. सोबतीला कोणी आलं नाही, येणारी गेली होती. भिंतीपलीकडून ती खोकायची ते मला ऐकू यायचं. एकदा ती भिंतीशी येऊन म्हणाली, "आई, दिनेशभावजींना आकड्यांचं सांगू नका."

मी विचारलं, का?

म्हणाली, "आई गेली एवढं त्यांना पुरे आहे. आणि माझ्या वहीवर पुन्हा कोण विश्वास ठेवील? मी बाहेर उभी होते, मी आत बघायला हवं होतं." थोड्या वेळानं म्हणाली, "तुमचं नाव वाईट होईल ते वेगळंच."

म्हणजे झालं. आधी सासू, मग तू, आता सून. तीन बायका, तीन काळ, आणि मला सांगणं एकच. फरक एवढाच की ही शिकलेली. मला वाटायचं ही पिढी सगळं बोलून मोकळी होते. नाही होत. वेळ आली की तीही उंबऱ्यात आपल्यासारखीच उभी राहते.

दिनेश सुटून घरी आला तो परसातून आला, पुढच्या दारानं आला नाही. त्यानं टक्कल केलं होतं, तिकडं एकट्यानंच. रोज सकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसायचा आणि एकच विचारायचा. मोठीआई, तिला त्रास झाला का? मी म्हणायचे, चहा घे. असे सहा दिवस मी त्याला चहा पाजला. सातव्या दिवशी तो म्हणाला, "आकडे तर चांगले होते ना? वैशालीवहिनी रोज कळवत होती. मग एकदम कसं?" वैशाली आतून ऐकत होती, भांड्यांचा आवाज थांबला होता.

मी सांगितलं. बोट माझं होतं, हे सांगितलं. तुझं वाक्यही सांगितलं, आणि मंगलचंही, कारण त्याशिवाय ते समजत नाही. त्याला एक बहीण होती एवढं माहीत होतं, बाकी काही नाही. वैशालीचा दोष नाही, हे मी दोनदा सांगितलं. तुझा दोष आहे का, ते त्यानं विचारलं नाही आणि मी बोलले नाही. तुझ्यावर ढकलणं फार सोपं होतं. तू मागितलंस म्हणून मी दिलं, असं म्हणता आलं असतं. पण मी काही लहान नव्हते. आकडा मला वाचता येत होता.

तो मग म्हणाला, "मला पन फोनवर म्हनायची, बरी हाय. मीपन मानलं ना, मोठीआई."

मी त्याला नाही म्हटलं नाही. मानलं होतंच त्यानं.

तो उठून गेला, त्याला आज पाच दिवस झाले. ओट्यावर आलेला नाही. परसात दिसतो, तुझ्या झाडांना पाणी घालतो, माझ्याकडं बघत नाही. येईल किंवा नाही येणार. वैशाली माझ्याशी कामापुरतं बोलते. तिनं तिच्या कामावरच्या मोठ्या बाईंना आपण होऊन सगळं सांगितलं. काय होईल ते अजून कळलेलं नाही. तिला मी बरं केलंस म्हणाले नाही, वाईट केलंस असंही म्हणाले नाही. कधी बोलावं आणि कधी नाही, हे सांगायला मी कोण. तू तर म्हणालीसच.

मला वाटलं होतं, बोलल्यावर मोकळं वाटेल. तसं काही होत नाही. तुझं घर तिथंच आहे, मधली भिंत तिथंच आहे, आणि सकाळी पलीकडून आवाज येत नाही. तुझ्याशी भांडायचं राहिलं, ते मी दुसऱ्या कोणाशी भांडू शकत नाही. माफी मागायची तर तू हसली असतीस. म्हणून इथं मागत नाही. केलं ते लिहिलं.

गुलाब, आपल्या दोन घरांत त्या महिन्यात चार जणांना लागलं. त्यात तू सर्वांत धडधाकट होतीस. दिनेश वाचला. वैशाली वाचली. मी वाचले.